मुखपृष्ठावरची दोन नावं



ज्या शिक्षिकेच्या स्मरणार्थ आपण इथे जमतो, त्या बाईंनी परळच्या कामगारांच्या मुलींना मराठी शिकवण्यात आयुष्य घालवलं. त्यांच्या नावाच्या व्याख्यानात 'स्त्री कलावंतांची मैत्री' या विषयावर बोला, असं संयोजकांनी सुचवलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर दोन पुस्तकं आली. पहिलं १९८९ सालचं, 'आम्हीही इतिहास घडवला'. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांचा हा इतिहास ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी लिहिला. दुसरं २००४ साली इंग्रजीत आलं आणि नंतर मराठीतही आलं. गिरणगावातल्या माणसांच्या तोंडून सांगितलेला गिरणगावाचा तो इतिहास मीना मेनन आणि नीरा आडारकर यांचा. या शहराच्या कष्टकरी वस्त्यांकडे पुस्तकातून जायचं तर या दोन वाटा टाळता येत नाहीत. दोन्ही मुखपृष्ठांवर दोन-दोन नावं आहेत आणि ती चारही बायकांची आहेत.

याला मी योगायोग मानत नाही. ही पुस्तकं एकटीच्या हातून अशी झाली नसती, असं माझं म्हणणं आहे आणि आज मी ते मांडणार आहे.

सुरुवात मात्र कादंबरीपासून करते, कारण अशा मैत्रीच्या गोष्टी आपण आधी कादंबरीतच वाचतो. दोन मैत्रिणी आणि त्यांचं लेखन यावरची अलीकडची सगळ्यांत गाजलेली कादंबरी नेपल्सची आहे. एलेना फेरान्तेची चार खंडांची ती कादंबरी इटालियनमध्ये २०११ ते २०१४ या काळात आली. नेपल्समधली एक गरीब वस्ती, चांभाराची मुलगी लीला आणि नगरपालिकेतल्या शिपायाची मुलगी लेनू. लहानपणी लीला एक गोष्ट लिहिते. शिकते मात्र लेनू, पुस्तकंही तिच्याच नावावर छापली जातात. वय वाढतं तशी लेनूला एक शंका छळत राहते. आपल्या पुस्तकात जे जिवंत आहे, ते त्या शाळकरी गोष्टीतूनच आलं असेल तर? ही कादंबरी वाचताना मला सारखं लालबाग-परळ आठवत होतं. तशाच अंगणात उघडणाऱ्या खोल्या, एकीचं शिक्षण थांबतं आणि दुसरीचं चालू राहतं तो क्षण, सगळ्यांना सगळ्यांचं सगळं माहीत असणं. अमेरिकेत २०१७ साली केला रे व्हिटेकर या लेखिकेची 'द ॲनिमेटर्स' आली. कार्टूनपट बनवणाऱ्या दोन मैत्रिणींची ती गोष्ट आहे. तिथेही तोच काटा आहे. एकीचं आयुष्य दोघींच्या कामाचा कच्चा माल होतं, तेव्हा त्या आयुष्यावर हक्क कोणाचा?

मराठीत अशी कादंबरी मला आठवत नाही. आपल्या कादंबरीने बाईला आई केलं, सून केलं, सवत केलं, विधवा केलं, आणि पुढे एकटी, स्वतंत्र, विचार करणारी बाईही केलं. हे शेवटचं काम मोठं आहे. कमल देसाईंच्या 'हॅट घालणारी बाई'त तर चित्रपट काढायची आस घेतलेली बाई आहे. पण ती एकटी आहे. गौरी देशपांडे यांच्या नायिकांना मैत्रिणी असतात, त्या मैत्रिणी बोलतात, सावरतात, समजून घेतात. एकत्र काहीतरी घडवणाऱ्या, त्यावरून भांडणाऱ्या, रात्री उशिरापर्यंत एकाच पानावर वाकलेल्या दोन बायका मात्र आपल्या कादंबरीत आल्या नाहीत. संगीतात आपल्याला ते दिसलं. हिराबाई बडोदेकर आणि सरस्वती राणे या बहिणी एकाच मंचावर बसून जुगलबंदी गायल्या आणि श्रोत्यांनी दोघींचा सूर वेगळाही ओळखला, एकत्रही ऐकला. लेखनात असं काही असू शकतं हे आपल्याला अजून नीटसं पटलेलं नाही. म्हणून मी खऱ्या घडलेल्या गोष्टीकडे वळते.

ऊर्मिला पवार कोकणातल्या. जन्म १९४५, रत्नागिरी जिल्हा. वडील शिक्षक होते, ते लवकर गेले. मग आईने बांबूची सुपं, टोपल्या विणून घर चालवलं. त्या विणलेल्या वस्तूंना तिकडे आयदान म्हणतात, आणि २००३ साली आलेल्या आत्मकथनाला ऊर्मिलाताईंनी तेच नाव दिलं. लग्नानंतर त्या मुंबईत आल्या, सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी केली, संसार सांभाळून एम.ए. केलं आणि कथा लिहू लागल्या. मीनाक्षी मून यांच्या घराचा धागा नागपूरशी जोडलेला. वसंत मून त्यांचे पती. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखन आणि भाषणांचे जे खंड काढायला सुरुवात केली, त्यांचे ते संपादक. बाबासाहेबांचं हस्तलिखित, जुन्या वृत्तपत्रांचे अंक, पत्रं, पत्रकं ज्या घरात जिवापाड जपली जात होती, त्या घरातल्या मीनाक्षीताई. एकीकडे कोकण, दुसरीकडे विदर्भ. एकीकडे माणसाचं बोलणं कथेत उतरवणारा कान, दुसरीकडे कागदाची किंमत जाणणारं घर. चळवळीच्या इतिहासाला दोन्ही लागतात.

या कागदांत बायका नव्हत्या का? होत्या. 'मूकनायक' १९२० चं, 'बहिष्कृत भारत' १९२७ चं, 'जनता' १९३० पासूनचं. त्यांतल्या वार्तांमध्ये सभेला स्त्रियांचा मोठा समुदाय हजर होता, अशा आशयाचा मजकूर अनेकदा येतो. बहुतेक वेळा तो तिथेच संपतो. समुदायाला नाव नसतं. अध्यक्षांचं नाव, वक्त्यांची नावं, ठराव मांडणाऱ्याचं नाव, अनुमोदन देणाऱ्याचं नाव, आणि मग 'स्त्रिया'. या दोघींनी तो शब्द उघडला. त्यात कोण होत्या, कुठल्या वस्तीतून आल्या, घरी कोणाला काय सांगून आल्या, कडेवर मूल होतं का, परत गेल्यावर काय झालं, हे त्या विचारत गेल्या.

आता भूगोल पाहा. आपण बसलोय ते सभागृह दादरचं. इथून नायगाव चालत गाठता येतं. १९३६ च्या मे अखेरीस तिथेच भरलेल्या महार परिषदेत बाबासाहेबांनी 'मुक्ती कोन पथे?' हे भाषण केलं. थोडं पुढे गेलं की परळचा दामोदर हॉल. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभेची जुळवाजुळव तिथे झाली. याच हॉलमध्ये १६ जून १९३६ ला बाबासाहेब देवदासी, जोगतिणी आणि कामाठीपुऱ्यातल्या बायकांशी थेट बोलले. पोयबावडीच्या बीआयटी चाळीत ते रमाबाईंबरोबर कित्येक वर्षं राहिले, आणि मग हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधलं. १९२७ च्या डिसेंबरात महाडला त्यांनी स्त्रियांपुढे भाषण केलं. पुढच्याच महिन्यात, १९२८ च्या जानेवारीत, मुंबईत महिला मंडळ निघालं आणि रमाबाई त्याच्या अध्यक्षा झाल्या. या नकाशावरचं प्रत्येक ठिकाण पुरुषांच्या चरित्रांत आलेलं आहे. या दोघींनी त्याच नकाशावर दुसरी माणसं उभी केली. सभेसाठी सतरंज्या अंथरणारी, वर्गणी गोळा करणारी, पहिल्यांदा व्यासपीठावर चढून चार वाक्यं बोलणारी, सत्याग्रहात तुरुंगात गेलेली.

पुस्तकाचे दोन भाग आहेत. पहिल्यात चळवळीचा क्रमवार इतिहास, दुसऱ्यात कार्यकर्त्या स्त्रियांच्या मुलाखतींवरून लिहिलेली व्यक्तिचित्रं, चाळीसहून अधिक. पहिला भाग मला काही ठिकाणी जड वाटतो. सभा, तारीख, ठराव, पुन्हा सभा, तारीख, ठराव. पण तो वगळून पुढे जाऊ नका, कारण त्या यादीतच काही फार मोठ्या गोष्टी आहेत. २० जुलै १९४२ ला नागपुरात दलित स्त्रियांची परिषद भरली. सुमारे २५ हजार स्त्रिया जमल्या. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. तिथे घटस्फोटाच्या हक्काचा ठराव झाला, बहुपत्नीकत्वाविरुद्ध ठराव झाला. गिरणी, विडी, नगरपालिका, रेल्वे अशा ठिकाणी राबणाऱ्या बायकांना रजा, दुखापतीची भरपाई आणि निवृत्तिवेतन मिळावं, असाही ठराव झाला. अध्यक्षीय भाषणात सुलोचनाबाई संततिनियमनावर बोलल्या. १९४२ साली! मुंबईच्या गिरण्यांत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांमध्ये मजुरांत बायका सुमारे पाचवा हिस्सा होत्या. त्यांच्या बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकावर बाबासाहेब मुंबई विधिमंडळात १९२८ मध्येच बोलले होते. म्हणजे तो ठराव कुठून तरी अचानक उगवला नव्हता. त्याच्या मागे परळ-नायगावच्या खोल्यांमधलं आयुष्य होतं, नागपूर-कामठीच्या विडी कारखान्यांतलं आयुष्य होतं.

दुसऱ्या भागात मात्र पुस्तक श्वास घेऊ लागतं. एकेक बाई येते आणि सांगते. शांताबाई दाणी येतात, सुलोचनाबाई येतात, 'मिटलेली कवाडे' लिहिणाऱ्या मुक्ता सर्वगौड येतात. नागपूरच्या स्टेशनात ओझी वाहणारी आणि पुढे मुलींची शाळा काढणारी जाईबाई चौधरीही आपल्याला या पुस्तकामुळे भेटते. नावाजलेल्यांच्या शेजारी अशाही आहेत ज्यांचं नाव या पुस्तकाबाहेर कुठेही छापलं गेलेलं नाही. कोणाला किती पानं द्यायची याचा निर्णय कीर्तीवरून झालेला नाही, हे मला या पुस्तकाचं सर्वांत मोठं धाडस वाटतं.

इथे मैत्रीचा प्रश्न येतो. म्हाताऱ्या बाईची मुलाखत घेणं म्हणजे काय, हे ज्यांनी चाळीत जाऊन केलं आहे त्यांना ठाऊक आहे. दार उघडतं ती सून. आजीला कशाला त्रास, असं ती म्हणते. घरातला कर्ता पुरुष खुर्ची ओढून बसतो आणि आजीला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर स्वतः देतो. आजी म्हणते, मी काय केलं ग, सगळे जात होते, मी पण गेले. दीडशे-एकशेसाठ चौरस फुटांची खोली, त्यात सात-आठ माणसं, नळाला पाणी यायची वेळ. एकटी गेलेली बाई अशा घरात सहज परतवली जाते. दोघी गेल्या की घरात बसायला जागा आपोआप होते. एक घरच्यांशी बोलते, एक आजीशी. एकीचा प्रश्न चुकला तर दुसरी तो फिरवून विचारते. एक ऐकते तेव्हा दुसरी लिहिते. आणि मुख्य म्हणजे दोन बायका एकमेकींशी ज्या ढंगात बोलतात, तो ढंग पाहून समोरची तिसरी मोकळी होते. तिला वाटतं की इथे चौकशी नाही, इथे बायका बोलताहेत. पुस्तकातल्या आठवणींना जो घरगुती, आडपडदा नसलेला पोत आहे, तो मला अशा त्रिकोणातून आलेला वाटतो.

हा त्रिकोण फेरान्तेच्या कादंबरीत नाही. लीला आणि लेनू यांच्यामध्ये तिसरं कोणी नाही, म्हणून त्यांची मैत्री सतत मालकीच्या प्रश्नावर येऊन आदळते. कोणाची प्रतिभा खरी? कोणी कोणाचं चोरलं? ऊर्मिलाताई आणि मीनाक्षीताईंच्या मध्ये चाळीस बायका बसलेल्या आहेत. गोष्ट दोघींपैकी कोणाचीच नाही. ती त्या सांगणाऱ्या बाईची. त्यामुळे दोघींना एकमेकींपासून काही राखून ठेवावं लागत नाही. दोन स्त्रियांच्या कलाकामाबद्दल आपण जगभरच्या कादंबऱ्यांमधून स्पर्धा, मत्सर, एकीने दुसरीला गिळणं, हेच शिकत आलोत. मुंबईतल्या या मैत्रीने दुसरी शक्यता करून दाखवली, आणि तिचा पुरावा छापील पुस्तकाच्या रूपात आपल्या हातात आहे.

तरीही लोक अनेकदा 'ऊर्मिला पवारांचं पुस्तक' म्हणतात. मीही लोकांना असं बोलताना ऐकलं आहे आणि दर वेळी मला ते खटकतं. यात कोणाचा वाईट हेतू नसतो. कथाकार म्हणून नाव झालेली एक व्यक्ती असली की आपली वाचकाची सवय सगळं श्रेय तिच्याकडे ओढते. आपल्याला लेखक एकच हवा असतो. पुरस्काराला एक, सत्काराच्या शालीला एक, अभ्यासक्रमातल्या परिचयाला एक. पण कागद शोधणारं, तारखा पडताळणारं, पत्ते मिळवणारं, नातं जुळवणारं काम हे लेखनाबाहेरचं काम नाही. तेच लेखन आहे. ते वजा केलं तर या पुस्तकात उरतील त्या काही हृद्य आठवणी, इतिहास उरणार नाही.

मराठीत बाईच्या आयुष्याला दुसऱ्या बाईने शब्द दिल्याची आणखी एक लखलखीत नोंद आहे. नाशिकच्या शांताबाई दाणींचं 'रात्रंदिन आम्हां' हे आत्मकथन भावना भार्गवे यांच्या शब्दांकनातून १९९० साली आलं. शांताबाई सांगत गेल्या, भावनाताई लिहीत गेल्या. आत्मकथन म्हटलं की आपण एका आवाजाचा विचार करतो. या पुस्तकात बोलणारी एक आणि लिहिणारी दुसरी आहे, आणि तरी शांताबाईंचा करारी आवाज कुठे बोथट झालेला नाही. लिहिणाऱ्या बाईने स्वतःला किती मागे ठेवलं असेल! हे मागे राहणं म्हणजे कमीपणा, असं मी मानत नाही. ते कौशल्य आहे आणि त्याला कौशल्याचा मान मिळाला पाहिजे.

'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक स्त्री चळवळीतल्या 'स्त्री उवाच'ने काढलं. पुढे पुण्याच्या सुगावा प्रकाशनाने त्याची आवृत्ती काढली. 'स्त्री उवाच'चा उल्लेख मुद्दाम करते. सत्तर-ऐंशीच्या दशकांतली मुंबईतली स्त्री चळवळ हुंड्यावर बोलत होती, बलात्काराच्या कायद्यावर बोलत होती, 'मुलगी झाली हो' हे नाटक घेऊन वस्त्यावस्त्यांत फिरत होती. त्या चळवळीला तिच्या पूर्वसूरी कोण, असं विचारलं तर उत्तरात सावित्रीबाई यायच्या, रमाबाई रानडे यायच्या, पंडिता रमाबाई यायच्या. मग मधली काही दशकं मोकळी राहायची. त्या मोकळ्या जागेत हजारो दलित बायका परिषदा भरवत होत्या, घटस्फोटाचे ठराव करत होत्या, हे या पुस्तकाने दाखवून दिलं. गोपाळ गुरू यांचा दलित स्त्रियांच्या वेगळ्या बोलण्यावरचा निबंध १९९५ चा. दलित स्त्रियांचा राष्ट्रीय पातळीवरचा महासंघही त्याच वर्षीचा. शर्मिला रेगे यांचं जात आणि स्त्रीलेखनावरचं पुस्तक २००६ चं. या सगळ्या चर्चेच्या आधी दोन मैत्रिणींनी पुरावा गोळा करून ठेवला होता. २००८ साली वंदना सोनाळकर यांनी पुस्तक इंग्रजीत नेलं आणि ते जगभरच्या विद्यापीठांत वाचलं जाऊ लागलं. म्हणजे याच्या प्रवासाची पुढची मजलही एका स्त्रीच्याच हातून झाली.

या सामायिक कामाचा ऊर्मिलाताईंच्या स्वतःच्या लेखनावर काय परिणाम झाला, हा प्रश्न मला फार ओढून घेतो. 'सहावं बोट' हा कथासंग्रह १९८८ चा, हे पुस्तक १९८९ चं, 'चौथी भिंत' १९९० चा. तीन वर्षांत तीन पुस्तकं, आणि मधलं दोघींचं. त्यांच्या कथांमधल्या बायका पाहा. आंबे विकणारी, घाणेरड्या बोलण्याला उलट उत्तर देणारी 'कवच'मधली आई पाहा. नवरा गेल्यावर दिरांच्या दबावाला न बधता मुलांना घेऊन घट्ट उभी राहणारी 'आई' पाहा. या बायका रडत नाहीत, त्या बोलतात, आणि बोलणं हेच त्यांचं हत्यार आहे. ज्या लेखिकेने चळवळीतल्या इतक्या वृद्ध स्त्रियांसमोर बसून त्यांचं ऐकलं, तिच्या कथेत बाईच्या बोलण्याला धार आली तर नवल नाही. 'आयदान' वाचतानाही तेच जाणवतं. ते एका बाईचं आत्मकथन असूनही त्यात गावच्या बायका, आई, सुना, लाकडांचे भारे घेऊन डोंगर उतरणाऱ्या बायका इतकी जागा घेतात की 'मी' मागे सरतो. सुषमा देशपांडे यांनी 'आयदान' रंगभूमीवर आणलं तेव्हा एक ऊर्मिला साकारायला तीन अभिनेत्री उभ्या केल्या. मला ती निवड अगदी अचूक वाटली.

आता दुसऱ्या जोडीकडे येते, थोडक्यात. नीरा आडारकर वास्तुविशारद, चाळ म्हणजे काय हे जिना, व्हरांडा आणि सामायिक नळ यांच्या अंगाने समजणाऱ्या. मीना मेनन कार्यकर्त्या, गिरणी कामगारांच्या लढ्यात उतरलेल्या. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात अडीच लाख कामगार उतरले होते. तो संप कधी रीतसर मागे घेतला गेला नाही आणि गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. कामगारांची पिढी पांगायला लागली. अशा वेळी या दोघी लालबाग-परळमध्ये फिरल्या आणि आवाज जमवले. पुस्तकाच्या इंग्रजी नावातच शंभर वर्षं आणि शंभर आवाज आहेत. राजनारायण चंदावरकर यांच्यासारख्या इतिहासकाराने त्याला विस्तृत प्रस्तावना लिहिली.

मला त्यातली सर्वांत मोलाची पानं खाणावळवाल्या बायकांची वाटतात. कोकणातून, घाटावरून आलेला गडी एकटा असायचा, कुटुंब गावी. एका खोलीत पाळी लावून झोपणारी माणसं दोन वेळचं जेवण कुठे घेत होती? लालबागच्या चाळीतल्या बाईच्या चुलीवर. म्हणजे गिरणीचा पहिला भोंगा वाजायच्या आधी तिचा दिवस सुरू व्हायचा. संपात उधारीवर जेवू घालणारीही तीच. दादरला १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं ते या खाणावळवाल्यांना सावकाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी. गिरणगावाच्या इतिहासात यंत्रमाग, युनियन, पुढारी, गोळीबार हे सगळं होतं. भाकरी कोण भाजत होतं, हे विचारायला दोन बायकांनीच जावं लागलं.

दोन्ही जोड्यांत एक मोठा फरक आहे आणि तो लपवू नये. ऊर्मिलाताई आणि मीनाक्षीताई ज्या समाजाचा इतिहास लिहीत होत्या, तो त्यांचा स्वतःचा होता. मुलाखत देणारी बाई त्यांच्या आईच्या जागी होती. मीना मेनन आणि नीरा आडारकर बाहेरून आल्या, काम करता करता आतल्या झाल्या. म्हणून पहिल्या पुस्तकात ऋण फेडल्याची भावना आहे, दुसऱ्यात साक्ष नोंदवण्याची शिस्त. मला व्यक्तिशः पहिलं पुस्तक जास्त जवळचं आहे. दुसरं अधिक रेखीव आहे. पण आपण दोन्ही वाचल्याशिवाय या भागातल्या रस्त्यांवरून चालू नये, इतकं मी नक्की म्हणेन.

कादंबरीकारांना माझं एक सांगणं आहे. इथे तरुण लेखिका बसल्या आहेत, म्हणून सांगते. मराठीत न लिहिली गेलेली ती कादंबरी तुमची वाट पाहते आहे. तिच्यात नेपल्स नको. दोन नोकरदार बायका आहेत. एकीला सरकारी कार्यालयातून सुटून घरी स्वयंपाक करायचा आहे, दुसरीच्या घरी जुन्या अंकांचे गठ्ठे आहेत. रविवारी दोघी मिळून नायगावच्या, डिलाइल रोडच्या, वरळीच्या चाळीत पत्ता शोधत जाताहेत. दोघींचे नवरे काय म्हणतात, मुलं काय म्हणतात, वाक्य कोणाचं ठेवायचं यावरून दोघी कुठे अडतात, आणि एखादी आजी भेटायच्या आधीच गेलेली असते तेव्हा परतताना दोघी बसमध्ये काय बोलतात. यातला संघर्ष कमी नाही. फक्त त्याच्या शेवटी एकीचा विजय नसेल, एवढंच.

आणि ज्या लिहिणार नाहीत त्यांनाही एक विनंती. मुंबईत बीडीडीच्या २०७ चाळी होत्या. वरळीत १२१, नायगावात ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२, शिवडीत १२. त्यांचा पुनर्विकास सुरू झाला आहे. वरळीच्या पहिल्या रहिवाशांना २०२५ च्या ऑगस्टमध्ये नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. चांगलं घर मिळणं हा त्यांचा हक्क आहे आणि मला त्याचा आनंद आहे. पण चाळ रिकामी होताना माणसं पांगतात. शेजारीण दुसऱ्या इमारतीत जाते, आजी गावी जाते. १९५६ चं धर्मांतर कळत्या वयात पाहिलेल्या बायका आता ऐंशीच्या पुढे आहेत. १९८२ च्या संपात घर चालवलेल्या बायका साठी-सत्तरी ओलांडून गेल्या आहेत. त्यांचं ऐकायला अजून वेळ आहे, फार नाही.

म्हणून घरी जाताना आपल्या मैत्रिणीला फोन करा. येत्या रविवारी दोघी मिळून एका आजीकडे जा. तिचं पूर्ण नाव, माहेरचं नाव, चाळीचा आणि खोलीचा नंबर लिहून घ्या. ती कोणत्या सभेला, कोणत्या मोर्चाला गेली होती ते विचारा, आणि घरातला कोणी मध्ये बोलू लागला तर नम्रपणे सांगा, आधी आजींना बोलू द्या. लिहून झालं की खाली दोघींची नावं घाला.